बुधवारची भरती

एकदा एक तरुण घाट उतरून खाली आला आणि खाडीकाठच्या एका मिठाच्या कंपनीत व्यवस्थापक म्हणून रुजू झाला. शिकलेला होता, कामसू होता, निर्व्यसनी होता, आणि वयाच्या मानाने त्याचा स्वतःवर जरा जास्तच विश्वास होता. हा शेवटचा गुण असा आहे की तो असला तरी पंचाईत आणि नसला तरी पंचाईत, म्हणून त्याबद्दल आपण त्याला फार बोल लावू नये. मोठ्या शहरातल्या एका कारखान्यात त्याने उमेदवारी केली होती. तिथे भोंगा वाजला की यंत्रे सुरू होत आणि भोंगा वाजला की थांबत. काम म्हणजे असेच असते, अशी त्याची समजूत झाली होती.

मिठागराचे काम वरवर पाहता अगदी सोपे. खाडीच्या कडेने मातीचा लांबलचक बांध. बांधात एका जागी लाकडी फळ्यांचे दार, त्याला तिथली माणसे उघाडी म्हणत. भरतीला फळ्या काढायच्या, खारे पाणी आतल्या तळ्यात घ्यायचे आणि फळ्या पुन्हा बसवायच्या. उन्हाने तापून पाणी दाट झाले की ते वाफ्यांत सोडायचे, आणि वाफ्यांत मीठ धरले की ते ओढून राशी घालायच्या. दिवाळीनंतर हे सुरू होई आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चाले. काठावरच्या वाडीतली सगळी घरे या एका कामावर जगत होती.

तिथे एक जुनी रीत होती. अमावास्या किंवा पौर्णिमा आली की जोमा मुकादम सगळ्यांना घेऊन उघाडीवर जाई आणि नारळ फोडी. मग सारी मंडळी खोबऱ्याचा तुकडा चघळत, गप्पा मारत बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. त्या दिवशी दुसरे काम होत नसे. पुढचे काही दिवस मात्र प्रत्येक भरतीला उघाडीच्या फळ्या निघत आणि तळे काठोकाठ भरे.

नव्या व्यवस्थापकाने हा प्रकार पाहिला आणि कपाळाला हात लावला. महिन्यातले दोन दिवस नारळ फोडण्यात जातात, आणि कुणी हूं की चूं करत नाही! त्याने जोमाला कचेरीत बोलावून घेतले. जोमा सांगू लागला की साहेब, खाडीचं पाणी तिथीवर चढतं, वारावर चढत नाही. पण त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आतच व्यवस्थापक म्हणाला, "पंचांग बघून कंपनी चालत नाही, मुकादम. भरती रोज दोनदा येते. मग अमावास्या काय आणि बुधवार काय? इथला कारभार खाडी बघते की मी बघतो?"

जोमाने मान डोलावली आणि तो बाहेर आला. त्यानंतर त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही.

कचेरीबाहेर फळा लागला. दर बुधवारी भरतीच्या वेळी पाणी घ्यावे, इतर दिवशी उघाडीला हात लावू नये. बुधवारच का, तर सोमवारी माल न्यायला गाड्या येत आणि शनिवारी गावचा बाजार भरे; मधला बुधवार कसा मोकळा आणि सोयीचा होता. नारळ बंद झाला, बांधावरची फेरी बंद झाली. कुणी कुरकुर केली नाही. व्यवस्थापकाला वाटले, शिस्त लागली.

पहिल्या हंगामात पौषातल्या पौर्णिमेला खाडीला असे उधाण आले की बांध मधोमध फुटला. पाणी तयार वाफ्यांवरून गेले आणि महिन्याभराच्या मेहनतीचे मीठ घेऊन परत फिरले. कंपनीचे मालक म्हणजे एक वृद्ध शेठजी. त्यांच्यापुढे उभे राहून व्यवस्थापकाने सांगितले की समुद्राने घात केला, निसर्गापुढे कुणाचे काय चालणार. शेठजींनी ऐकून घेतले.

दुसऱ्या हंगामाच्या आधी त्याने खपून बांध चांगला छातीइतका उंच करून घेतला. आता बाहेरचे काही आत येणार नाही, या विचाराने त्याला शांत झोप लागू लागली. पण यंदा दुखणे निराळेच निघाले. एका बुधवारी तळ्यात भरपूर पाणी येई, पुढच्या बुधवारी तळे कोरडे. हुकूम तोच, वार तोच, माणसे तीच, आणि फळ निराळे. त्याने पुष्कळ विचार केला आणि कारखान्यात वाढलेल्या डोक्याला जे सुचायचे तेच त्याला सुचले, की ही माणसे कामचुकार आहेत. तो ओरडू लागला. जितका तो ओरडे तितकी माणसे गप्प होत, आणि जितकी ती गप्प होत तितका त्याचा संशय वाढे. वाफ्यांत मीठ धरत होते ते पातळ पापडीएवढे.

पौष निम्मा सरला तेव्हा शेठजी स्वतः आले. त्यांनी अर्धे रिकामे कोठार पाहिले. ते रागावले नाहीत, आणि तेच व्यवस्थापकाला जास्त लागले. ते एवढेच म्हणाले, "गेल्या वर्षी तू म्हणालास पाण्याने बुडवलं. यंदा म्हणतोस माणसांनी बुडवलं. माझं वय झालंय बाबा, मला रोज नवा वैरी शोधायची हौस नाही. ही जागा भराव घालून बांधकामाला मागणारे लोक माझ्या दारात बसलेले आहेत. होळीपर्यंत बघतो. काही वेगळं दिसलं नाही, तर त्यांना हो म्हणतो."

शेठजींची गाडी गेली त्या वाटेकडे तो बराच वेळ बघत राहिला. मिठागर गेले तर वाडीच्या चुली जाणार होत्या. ज्या माणसांना तो कामचुकार म्हणत होता त्यांच्याच घरून पहिल्या दिवसापासून त्याला जेवणाचा डबा येत होता. त्याला भीती वाटली, आणि लाजही वाटली.

अशा वेळी माणसाला आपले जुने गुरुजी आठवतात. बरे चाललेले असताना आठवत नाहीत, तो भाग वेगळा. याचे गुरुजी आता ऐंशीच्या घरात होते. निरोप मिळताच ते एसटीने आले, पाय धुतले, चहा घेतला आणि शिष्याची कर्मकहाणी शेवटपर्यंत ऐकली. शिष्याने हात जोडून विचारले, "गुरुजी, मला एवढंच सांगा. माझ्या कारभाराला मुळात कीड लागली कुठे? बाहेरची परिस्थिती वाईट आहे, की आतली माणसं वाईट आहेत?"

गुरुजी उठले, टेबलामागे गेले, व्यवस्थापकाची वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि कचेरीच्या बाहेर पडले. पायऱ्या उतरून ते थेट बांधाला लागले. बांध अरुंद, दोन्ही बाजूंना चिखल, म्हातारा धोतराचा सोगा सावरत खुर्ची घेऊन पुढे आणि शिष्य "अहो गुरुजी, अहो गुरुजी" करत मागे. मीठ ओढणाऱ्या बायांनी हातातले काम थांबवून तोंडाला पदर लावले. उघाडीपाशी पोचल्यावर गुरुजींनी खुर्ची बांधावर टेकवली, ती डुगडुगत नाही ना हे पाहिले, आणि शिष्याला म्हणाले, "आजपासून तुझी कचेरी इथे. बस. आणि उघाडी उघडेल तेव्हा तोंड उघडायचं नाही."

"किती दिवस, गुरुजी?"

"कळेपर्यंत," असे म्हणून ते वाडीकडे चालू लागले. तिथल्या म्हाताऱ्यांशी त्यांची संध्याकाळपर्यंत गट्टी जमली.

शिष्य बसला. अपमान वाटत होता, पण गुरूची आज्ञा. तो दिवस बुधवारचा होता आणि तिथी सप्तमीची, म्हणजे वद्य अष्टमी तोंडावर. भरतीची वेळ झाली तसे जोमा आणि त्याचे दोन गडी आले. त्यांनी साहेबांना बांधावर पाहिले, एकमेकांकडे पाहिले, आणि रीतसर एकेक फळी काढून बाजूला ठेवली. खाडीचे पाणी हळूहळू चढत आले. उघाडीच्या उंबऱ्याच्या वीतभर खाली येऊन ते थांबले, जरा वेळ तिथेच डुलले, आणि परत उतरू लागले. एक थेंब आत आला नाही. गड्यांनी फळ्या पुन्हा बसवल्या, जोमाने हात झटकले आणि नेहमीप्रमाणे सांगितले, "पानी घेतला, साहेब."

शिष्याच्या जिभेवर संताप आला होता. पण तोंड उघडायचे नव्हते. आणि त्या सक्तीच्या गप्पपणात त्याला एक गोष्ट दिसली, की या माणसांनी कसूर कुठेच केली नाही. फळ्यावर जे लिहिले होते ते सगळे त्यांनी केले होते.

तो रोज येऊन बसू लागला. दिवस जाऊ लागले तसे पाणी थोडे थोडे वर येऊ लागले. पुढच्या बुधवारी ते उंबरा ओलांडून बऱ्यापैकी आत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. त्या दुपारी खाडी अशी भरून आली की पाणी फळ्यांच्या वरच्या कडेला टेकले आणि फटींतून आत उडू लागले. तळे अजून निम्मे रिकामे होते, बाहेर हवे तेवढे खारे पाणी दाराशी येऊन उभे होते, आणि फळ्या बंद होत्या. कारण तो गुरुवार होता.

बांधाच्या आतल्या अंगाने एका जागी मातीतून पाण्याची बारीक धार फुटलेली त्याने पाहिली. जवळ जाऊन वाकला तर खेकड्याचे बीळ. थोड्या अंतरावर दुसरे, मग तिसरे. बांध छातीइतका उंच झाला होता, पण खालून चाळणी होत चालली होती. नारळ फोडून, खोबरे चघळत ही माणसे बांधावरून कशासाठी चालत होती, ते त्याला त्या क्षणी उमगले. तो तिथेच मातीत बसला.

मागे गुरुजी येऊन उभे होते, त्यांच्यासोबत जोमाही होता. शिष्य मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं होतं तिथी म्हणजे अंधश्रद्धा. मी समुद्राला दोष दिला, माणसांना दोष दिला."

गुरुजी त्याच्या शेजारी मातीतच बसले. मग ते जे बोलले ते शांतपणे बोलले.

"तू मला विचारलंस, बाहेरचं वाईट की आतलं वाईट. अरे, खाडी ना चांगली ना वाईट. ती तिच्या वेळेला येते. बाजार, सरकारचे नियम, अवकाळी पाऊस हे सगळे त्या खाडीचेच भाऊबंद. त्यांच्यावर हुकूम चालत नाही, त्यांची वेळ तेवढी ओळखता येते. आत मात्र तुझं चालतं. बांध तुझा, फळ्या तुझ्या, माणसं तुझी, आणि त्यांनी तोंड उघडावं की मिटावं हेही तुझ्याच वागण्यावर. तू नेमकं उलटं केलंस बघ. जे बाहेरचं होतं त्याला बुधवारचा हुकूम दिलास, आणि जे आतलं होतं त्याचं ऐकून घेतलं नाहीस. मग नियोजन फसलं. माणसांची वाटणी फसली, कारण पाणी नसताना तू त्यांना इथे उभं केलंस आणि पाणी असताना घरी बसवलंस. आणि तुझी देखरेखही फुकट गेली, कारण पाणी घेतलं की नाही हे न बघता फळ्या काढल्या की नाही एवढंच तू बघत होतास. आखणी करायची ती खाडीकडे तोंड करून, आणि पार पाडायची ती या माणसांकडे तोंड करून. कचेरीत बसून दोन्ही दिसत नव्हतं, म्हणून खुर्ची इथे आणली."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. जोमा मात्र सुखावलेला दिसत होता. गुरुजींच्या ते लक्षात आले आणि ते त्याच्याकडे वळले. "मुकादम, तुम्ही हसू नका. तुम्हाला ठाऊक होतं. दोन हंगाम कोरड्या तळ्यापुढे पाणी घेतलं म्हणत राहिलात. का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगत होतो, गुरुजी. सायबांनी तोडला."

"एकदा तोडलं म्हणून वाडीच्या चुलीवर पाणी पडेपर्यंत गप्प बसायचं? रुसवे हीसुद्धा बांधातली बिळंच आहेत, बाबा. बाहेरून दिसत नाहीत."

जोमाने खाली पाहिले. मग त्याने साहेबांना विचारले की आज गुरुवार असला तरी फळ्या काढू का. साहेब उठले आणि पहिली फळी त्यांनी स्वतः काढली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा बुधवार पुसला गेला. चार दिवसांनी गुरुजी आपल्या गावी गेले. बांधावरची फेरी पुन्हा सुरू झाली आणि तिच्यात साहेबही चिकणमातीचा गोळा हातात घेऊन बिळे बुजवत चालू लागले. पहिल्या फेरीत ते चिखलात सपशेल आपटले. सगळी वाडी हसली, तेही हसले, आणि त्या दिवसापासून लोक त्यांच्याशी बोलू लागले. बोलू लागले म्हणजे किती, तर गाड्या सोमवारऐवजी मंगळवारी आल्या तर बरे, इथपासून साहेबांना भाकरी थापता येत नाही इथपर्यंत. तळे भरले, वाफ्यांत मीठ धरले, आणि फाल्गुनात राशी पांढऱ्याशुभ्र उभ्या राहिल्या.

पण बाहेरचे जग शहाण्या माणसालाही सवलत देत नाही. होळी जवळ आली असताना एका सकाळी ठमाबाई साहेबांच्या दाराशी आली. डोक्यावरून मीठ वाहणारी ही बाई आजवर त्यांच्यासमोर कधी उभीही राहिली नव्हती. ती म्हणाली की वारा फिरलाय, ढग वेगळे दिसतात, राशी झाका. तिची खात्री आहे का, असे त्यांनी विचारले नाही. दुपारपर्यंत सगळे जण गवत वाहून राशी शाकारत होते, साहेबही त्यांत. संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. दोन राशींपुरते गवत कमी पडले होते, त्या डोळ्यांदेखत विरघळल्या. बाकीच्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले. ओल्या बांधावरून काठी टेकत त्यांनी सगळे पाहिले. मग दोन राशींच्या जागी उरलेल्या पांढुरक्या चिखलापाशी ते थांबले आणि म्हणाले, "हं. यंदा कोणावर ढकलणार आहेस?"

व्यवस्थापकाने मागे उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा पाहिले आणि सांगितले, "पाऊस यायचा तो आला, शेठजी. तो माझ्या हातात नव्हता. गवताचा साठा आधी करून ठेवणं माझ्या हातात होतं, ते मी केलं नाही. या दोन राशी माझ्यामुळे गेल्या. बाकीच्या वाचल्या त्या ठमाबाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून."

ठमाबाई जोमाच्या पाठीमागे लपली. जोमा पुढे होऊन म्हणाला की गवताची आठवण आपणही द्यायला हवी होती, ती राहिली. शेठजींनी एकदा याच्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे. या मिठागरात चूक आपल्या अंगावर घेणारी दोन माणसे त्यांनी प्रथमच एका वेळी पाहिली असावीत. कोठार भरले का, हे त्यांनी विचारलेच नाही. काठीने खाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "पुढचं उधाण कधी?"

उत्तर व्यवस्थापकाला ठाऊक होते, पण त्याने जोमाकडे पाहिले. जोमा म्हणाला, साहेब सांगतील.

"परवा, शेठजी. होळीच्या पौर्णिमेला."

शेठजींनी पाण्याकडे पाहिले. मग परत फिरता फिरता म्हणाले, "परवाच मी त्या भराववाल्यांना जागा दाखवायला बोलावलं होतं. नका येऊ म्हणून कळवून टाकतो. तुम्हाला पाणी घ्यायचं असेल, उगाच मध्ये गर्दी नको."

त्यांची गाडी दिसेनाशी झाली. मग ठमाबाईने पदराने डोळे पुसले, आणि जोमाने गड्यांना हाक मारली, की उभे काय राहिलात, बांध बघून यायचाय.

आपल्यापैकी ज्याच्या हाती कसलाही कारभार आहे, मग तो कंपनीचा असो वा चार माणसांच्या घराचा, त्याने निजण्यापूर्वी स्वतःला एवढे विचारावे: आज बाहेर काय चढत होते, आणि ते मला सांगायला आतले कोण कचरले?